दुसऱ्यांच्या मुलांसाठी केलेलं भाषण

तीर्थस्वरूप दमासो मामांच्या सेवेशी,

तुमचा हात कपाळाला लावून तिनोयचा नमस्कार. आम्ही इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे एदेलिनची पाठ, माझा रक्तदाब आणि स्वयंपाकघराचं छप्पर सोडून. तुमची कंबर आता कशी आहे? मागे आलो होतो तेव्हा तुम्ही काठी घ्यायचं नाकारलंत आणि झुंजीचा कोंबडा काखेत घेऊन बागेत फिरत होता. कोंबड्यानेही तोल सांभाळता येतो असं तुमचं म्हणणं होतं. मी ते इथल्या डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी कोंबड्याचं वजन विचारलं आणि विषय बदलला. यंदा तुमच्या ग्विमारास बेटावर आंब्याला मोहोर चांगला होता असं ऐकतो. इथल्या बाजारात ग्विमारासचा म्हणून जो आंबा मिळतो तो खाल्ला की तुमची आठवण येते आणि विकणाऱ्याचा रागही येतो. (तरी आम्ही तो घेतोच.) फोन करून बघितला, पण तुम्ही तो उचलत नाही. बहुतेक तो पुन्हा कोंबड्यांच्या खुराड्यात राहिला असावा.

पत्र लिहायचं कारण असं, की प्युरिंग मावशीने तुम्हाला एव्हाना कळवलं असणार : तिनोयने पोटच्या पोरीला फौजेत घातलं, आणि स्वतः नदीत दोरीला लटकला. यातलं दोरीचं खरं आहे. बाकीचं जसं घडलं तसं सांगतो, म्हणजे तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवता येईल.

गेल्या ऑगस्टात आमच्या कॉलेजच्या डायरेक्टरबाईंनी मला बोलावलं. तुम्हाला ठाऊक आहेच की कॉलेजच्या पहिल्या वर्षाला प्रत्येकाला देशासाठी काहीतरी करावं लागतं. एक तर गावातल्या लहान मुलांना वाचायला शिकवायचं, नाहीतर समाजसेवा करायची, नाहीतर राखीव सैन्याचं शिक्षण घ्यायचं, दर शनिवारी, मैदानावर, भर उन्हात. आता तुम्हीच सांगा, अठरा वर्षांचं पोर काय निवडेल? सगळ्यांनी समाजसेवा निवडली होती. (समाजसेवा म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर झाडू घेऊन जायचं, झाडूसकट फोटो काढायचा आणि पोहायचं.) राखीव सैन्याकडे जी मूठभर पोरं वळली, त्यातल्या निम्म्यांना तो कॉलेजचा बँड वाटला होता. पलटण पुरी झाली नाही तर तुकडीच बंद होणार होती. आणि तुकडी बंद झाली की तिला शिकवणारे सार्जंट ओर्तालेस उत्तरेला लुझोन बेटाच्या पार वरच्या टोकाला बदलून जाणार होते. इकडे त्यांच्या बायकोला पहिल्यांदाच दिवस गेलेले. मनुष्य साधा आहे, कमी बोलतो, कपड्यांना इस्त्री अशी की बाहीच्या कडेने भाजी चिरावी. बाई म्हणाल्या, "सर, मुलांना उभं करायचं तर आवाज हवा, आणि आवाज तुमच्याकडेच आहे." हे खरं आहे. जत्रेत बिंगोचे आकडे मीच पुकारतो आणि ते पलीकडच्या गावात ऐकू येतात. मी मातीचं शास्त्र शिकवतो, फौजेशी माझा संबंध म्हणजे तुम्ही. पण बाईंनी "तुमचे मामाही फौजेत होते ना?" असं विचारलं आणि मी मान डोलावली. एकदा डोलावली की ती थांबत नाही, हा माझा स्वभाव तुम्ही लहानपणापासून बघता आहात.

सभा जिमखान्यात होती. पत्र्याचं छप्पर, दुपारची वेळ, पहिल्या वर्षाची सगळी मुलं बाकांवर दाटून बसलेली आणि पुठ्ठ्यांनी वारा घेणारी. ध्वनिक्षेपक आयत्या वेळी कॅन्टीनमधून आणला होता. त्यावर पोरं दुपारभर गाणी म्हणत असतात, त्यामुळे शेवटचं अक्षर घुमवायची त्याला सवय लागली होती आणि ती बंद कशी करायची हे कोणालाच माहीत नव्हतं. मी "देशाची सेवा" म्हणालो की मागून "वा... वा..." यायचं, जणू कोणी खवचटपणे दाद देतंय. आधी सार्जंटांनी कवायत दाखवली. चार जुने कॅडेट लाकडी बंदुका घेऊन आले. त्यातल्या एकाच्या बंदुकीचा दस्ता निखळून घसरत घसरत बाईंच्या पायाशी गेला. सार्जंटांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. उरलेली नळी खांद्यावर टाकून पोरगं पुढे चालत राहिलं, आणि खरं सांगायचं तर तिथे मला पहिल्यांदा वाटलं की या प्रकारात काहीतरी आहे.

मग मी उभा राहिलो. मामा, मी चांगलं बोललो. आपल्याच तोंडाने सांगू नये, पण तिथे दुसरं कोणी ते सांगणार नव्हतं. शिस्त म्हणजे काय, वादळात कोण धावून येतं, उन्हाला घाबरतो तो माणूस नसून बटाटा आहे, वगैरे. बटाट्यावर हशा आला आणि मी वाहवलो. तुमचा उल्लेख केला, तुमच्या पदकाचा केला, दक्षिणेला मिंदानाओच्या जंगलात तुम्ही काय काय केलंत तेही सांगितलं. (ते मला माहीत नाही, पण बोलताना माहीत असल्यासारखं वाटलं.) शेवटी मी हात वर करून विचारलं, "मग, कोण उभं राहतंय?" मागून फक्त "तंय... तंय..." असं घुमत आलं. कोणी उभं राहिलं नाही. पुठ्ठे हलत होते तेवढेच.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून जुन-रे नावाचा एक काटकुळा पोरगा म्हणाला, "सर, तुमची मुलगी याच वर्षाला आहे ना? तिने काय निवडलंय?"

जेनेल तिसऱ्या रांगेत बसली होती. मत्स्यशास्त्राला आहे ती. तिने समाजसेवा निवडली होती. मला ते माहीत होतं, कारण तिच्यासाठी रुंद काठाची टोपी मीच आणून दिली होती. मी म्हणालो, "प्रत्येकाने आपलं आपण ठरवायचं." मागून "यचं... यचं..." असं आलं, पोरं हसायला लागली, आणि ते हसू बटाट्याच्या वेळचं नव्हतं. बाई खाली बघत होत्या. सार्जंट समोर बघत होते. मी रुमाल शोधत होतो. आणि जेनेल उभी राहिली.

मग तिच्या शेजारच्या दोघी उठल्या, मग त्यांच्या मागची रांग, आणि बघता बघता अर्धा जिमखाना उभा. जुन-रेच्या आजूबाजूच्या पोरांनी त्यालाही दंडाला धरून उठवला. बाईंनी डोळे पुसले. सार्जंटांनी मला सलाम ठोकला. मला त्या दिवशी सगळ्यांनी इतकं डोक्यावर घेतलं की घरी जायचं आहे हे मी विसरलो होतो.

घरी एदेलिनने ताट वाढलं आणि समोर बसली. मला वाटलं, आता म्हणेल, आपलीच पोर कशाला. त्याचं उत्तर मी येताना जीपनीत बसल्या बसल्या तयार करून ठेवलं होतं. ती म्हणाली, "इतक्या आयांची पोरं उठवलीस. त्यातल्या एकीला तरी विचारलंस?" मी मासा उलटा करून दुसऱ्या बाजूने खायला लागलो. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी शेजाऱ्यांमार्फत बोलायची.

निदान एका आईचं तरी ऐकावं म्हणून मी जेनेलचं नाव काढून घ्यायचं ठरवलं. (हे बाईंना कळता कामा नये.) वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांचा डबा घेऊन सार्जंटांकडे गेलो. त्यांनी वडी खाल्ली, बायकोलाही दिली आणि म्हणाले, "सर, ती गेली तर तिच्या मागून उठलेली सगळी जातील. पण तुम्ही म्हणत असाल तर काढतो. फक्त तिला तुम्ही सांगा." डबा तिथेच ठेवून आलो आणि तिला सांगायला गेलो. उन्हाने कातडी काळवंडते, गुडघे जातात, आपल्या घराण्यातच सपाट पाय आहेत, असं बरंच सांगितलं. ती जाळं दुरुस्त करत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, तुमचं भाषण ऐकून मी उठले नाही."

"मग?"

"तुम्हाला घाम फुटला होता. सगळे हसत होते. मी बसून राहिले असते तर तुम्ही उद्या वर्गात कसे गेला असता?"

"मग आता सोड की. माझं निभावलं ना."

"आता त्या बाकीच्या उठल्यात," ती म्हणाली. "त्या तुमच्यामुळे नाही उठल्या, माझ्यामुळे उठल्यात. त्यांना काय सांगू, बाबांना घाम आला होता म्हणून?"

मामा, पोरगी वाढवताना आपल्याला वाटत असतं की आपण तिला सांभाळतोय. मी तिथून उठलो आणि उगाचच पंप दुरुस्त करायला बसलो. तो चांगला चालत होता. आता चालत नाही.

पुढे दर शनिवारी मी मैदानाकडे जायला लागलो. कडेला शिरीषाचं मोठं झाड आहे, त्याच्या मागे छत्री आणि पाण्याचा जग घेऊन उभा राहायचो. आपण कोणाला दिसत नाही अशी माझी समजूत होती. एका शनिवारी सार्जंटांनी पलटण थांबवली आणि खड्या आवाजात विचारलं, "झाडामागे छत्री घेऊन जो उभा आहे तो शत्रू समजायचा की पाहुणा?" जुन-रे म्हणाला, "सर, तो बटाटा समजावा." मला बाहेर यावं लागलं. सार्जंट जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "सर, दर आठवड्याला येताच आहात, तर रांगेच्या शेपटाला उभे राहा. पोरांनाही बरं वाटेल." मी नकार देणार होतो, पण माझी मान पुन्हा डोलायला लागली होती.

तर मी शेपटाला उभा राहिलो. पन्नाशीला टेकलेला, पोट पुढे, चामड्याच्या चपला. सगळे उजवीकडे वळले की मी डावीकडे वळायचो, त्यामुळे प्रत्येक वेळी मी आणि माझ्या पुढचा पोरगा समोरासमोर यायचो आणि दोघेही ओशाळायचो. एकदा सगळे थांबले तेव्हा मी थांबलो नाही आणि रेडे लोळतात त्या डबक्यात गेलो. रेडा शांत होता, त्याने सरकून जागा दिली. जेनेल तोवर एका तुकडीची नायक झाली होती. मैदानावर ती मला बाबा म्हणायची नाही, "सर" म्हणायची, आणि माझ्याकडे बघून हसायचीही नाही. घरी आली की मात्र पाय गरम पाण्यात सोडून इतकी हसायची की एदेलिनलाही तोंड फिरवून हसावं लागायचं. त्यातूनच एदेलिन माझ्याशी थेट बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, "पँट आधी बाहेर धू."

नोव्हेंबरात वादळ आलं. तुमच्याकडे झाडं पडली, आमच्याकडे नदी वर आली. सकाळीच कॉलेजात निरोप आला की पुलाखालच्या वस्तीत पाणी शिरलंय आणि माणसं घरात अडकलीत. सार्जंट होडी घेऊन वरच्या अंगाला गेले. खालच्या अंगाला चर्चपासून शेवटच्या घरांपर्यंत दोरी बांधायची आणि एकेकाला धरून आणायचं हे काम जेनेलच्या तुकडीला दिलं. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी दोरी धरणाऱ्यांत जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढे पाण्यात दोन पोरी दोरी धरून होत्या. दोरीला ताण देणारा मी, आणि माझ्या आधाराने त्या. एवढं पोट आयुष्यात पहिल्यांदा कशाच्या तरी उपयोगी पडत होतं.

सगळे निघाले, पण शेवटच्या घरातली लोला मासिंग, सगळ्या वस्तीची आजी, निघेना. म्हातारी माचीवर मांडी घालून बसली होती आणि तिच्या बाजूला तिची गाभण डुकरीण, तीही माचीवर. लोला म्हणाली, "हिला सोडून मी येत नाही. तुम्ही जा पोरांनो, चहा मिळेल तिथे." जुन-रे म्हणाला, "लोला, माणसं आधी असा नियम आहे." लोला म्हणाली, "तुझ्या नियमाला पिल्लं होणार आहेत का?" मी काठावरून ओरडून सांगत होतो की म्हातारीला उचला आणि या, वाद घालू नका. माझा आवाज त्यांना नीट ऐकू जात होता, सगळ्या वस्तीला जात होता. जेनेलने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने विचारलं, "लोला, डुकरीण आधी नेली तर गप्प माझ्याबरोबर येणार?" लोला म्हणाली, "येणार." मग त्यांनी दार बिजागरीतून काढलं, डुकरिणीला त्यावर लोलाच्या झग्याने बांधलं, जुन-रेला तिच्या तोंडापाशी ठेवलं. (ती त्याला वाटेत चावली. तो ओरडला नाही. हे मी बाईंना मुद्दाम सांगितलं.) डुकरीण पोचली. मग जेनेल लोलाला पाठीवर घेऊन निघाली.

मधोमध आली आणि वरून एक माडाचं खोड वाहत आलं. ते दोरीला लागलं, दोरी वाकली आणि जेनेल पाण्याखाली गेली. लोला वर दिसत होती, जेनेल दिसत नव्हती. मामा, मी काय केलं ते सांगतो. मी दोरी सोडली. माझ्या आधाराने दोन पोरी पाण्यात उभ्या आहेत हे मला माहीत होतं, आणि मी दोरी सोडून पाण्यात दोन पावलं गेलो. तेवढ्यात जेनेलचं डोकं वर आलं, केस तोंडावर चिकटलेले, आणि ती म्हणाली, "सर, दोरी धरा."

ओरडली नाही. वर्गात कोणी खडू मागावा तशी म्हणाली. मी मागे फिरलो आणि दोरी धरली. त्या दोघी गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या होत्या, त्यांतली एक रडत होती, पण दोघींनी हात सोडले नव्हते. त्या पुन्हा उभ्या राहिल्या. खोड पुढे गेलं. जेनेल लोलाला घेऊन पोचली. लोलाने पहिली चौकशी डुकरिणीची केली.

जिमखान्यात एदेलिन आणि गावातल्या बायका मोठ्या पातेल्यांत आल्याची पेज शिजवत होत्या. आम्ही चिखलाने माखलेले आत गेलो. एदेलिनने जेनेलला बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि डाव हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिने वाढायला सुरुवात केली. आधी त्या दोन पोरींना, मग जुन-रेला, मग एकेक करून सगळ्या तुकडीला. जेनेलला सगळ्यांच्या शेवटी. मला वाढलंच नाही. भांड्यात उरलं होतं, पण मी मागितलं नाही. त्या दोन पोरींतल्या एकीची आई माझ्यापुढे येऊन म्हणाली, "सर, तुम्ही दोरी धरली होतीत म्हणे. देव तुमचं भलं करो." मी तिला म्हणालो की आधी सोडली होती. तिला ते ऐकू गेलं नाही किंवा तिने ते ऐकून घेतलं नाही. पण जेनेलने ऐकलं. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि आपली वाटी माझ्याकडे सरकवली.

आता मूळ गोष्ट. पहिलं वर्ष संपलं. ज्यांना पुढे जायचं त्यांना आणखी दोन वर्षं शिकून राखीव सैन्यात अधिकारी होता येतं, आणि देश बोलवेल तेव्हा जावं लागतं, वादळात काय आणि आणखी कशात काय. सार्जंटांनी (त्यांना मुलगा झाला, ते इथेच आहेत) जेनेलला विचारलंय. तिला जायचं आहे. एदेलिन म्हणते, मामांना लिही, ते फौजेतले, त्यांचं ती ऐकेल. तर कृपा करून तिला चार ओळी लिहा. फौजेत कंबर जाते, जेवण कच्चं असतं, सुट्टी मिळत नाही, असं जे काय खरं असेल ते. फार घाबरवू नका, पण थोडं घाबरवा.

एदेलिनचा नमस्कार. कंबरेला जपा.

तुमचा भाचा,
फ्लोरेंतिनो

ता. क. वरची विनंती एदेलिनने वाचली आणि तिचं म्हणणं आहे की तिने "मामांना लिही" एवढंच सांगितलं होतं, काय लिही ते सांगितलं नव्हतं. तेव्हा ती विनंती माझ्या एकट्याची समजावी.

ता. क. २. यंदाही ऑगस्टात भाषण मीच करणार आहे. बाईंनी विचारलं, मी हो म्हटलं. या वेळी मुलांच्या आयांनाही बोलवायचं ठरलं आहे, ही अट एदेलिनची. पण मिंदानाओबद्दल काय बोलावं ते मला कळत नाही. तुम्ही रजेवर यायचा तेव्हा मी लहानपणी तुमच्या मागे लागायचो, आणि तुम्ही फक्त माकडांच्या आणि दुरियान फळाच्या वासाच्या गोष्टी सांगायचा. इतकी वर्षं नोकरी केलीत, पण मला एकदाही म्हणाला नाहीत की तिनोय, तूही ये. कालच जेनेलने मला विचारलं, "दमासो आजोबा तुम्हाला कधीच ये का नाही म्हणाले?" मी तर जिमखानाभर पोरांना ये म्हणून मोकळा झालो. तेव्हा तिला घाबरवू नका, समजावूही नका. जे मला सांगितलं नाहीत ते तिला सांगा. ते ऐकून ती जाते म्हणाली तर मी आडवा येणार नाही, आणि नको म्हणाली तर सार्जंटांना मी सांगेन.

ता. क. ३. उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नका. हे पत्र घेऊन जेनेलच सकाळच्या बोटीने येते आहे. एदेलिनने तिच्याबरोबर दोन दिवसांचे कपडे आणि तुमच्यासाठी वाळवलेले मासे दिलेत. लिफाफा चिकटवलेला नाही. घरात डिंक सापडला नाही असं मी जेनेलला सांगितलं आहे.